रापियो : एका क्रियापदाचा इतिहास

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन पुन्हा एकदा भाविकांसाठी खुले झाले. आमच्या धर्मग्रामातूनही दोन बसगाड्या भरून मंडळी गेली. से कॅथेड्रलच्या दिशेने रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. माझ्या मागे आमचे एक ज्येष्ठ धर्मग्रामस्थ उभे होते. मुंबईजवळच्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले होते. बराच वेळ मुकाट राहून त्यांनी एकदम विचारले, "फादर, एवढा मोठा संत. राजांना पत्रे लिहिली, धर्मगुरूंना लिहिली. आमच्यासारख्या पगारी माणसांसाठी त्याने काही सांगून ठेवले आहे का?" मी म्हटले, "पुष्कळ सांगितले आहे. परत गेल्यावर सांगेन." रांग पुढे सरकली आणि विषय तिथेच राहिला. त्यांनी तो प्रश्न का विचारला होता, हे मला काही महिन्यांनी कळले. ते शेवटी येईलच. आधी उत्तर देतो, कारण ते देण्याचे मी कबूल केले होते.

सेमिनरीत आमच्या पिढीला लॅटिन अल्पस्वल्पच शिकवले गेले. त्यातली बरीचशी क्रियापदे आता स्मरणातून गेली आहेत, पण एक मात्र पक्के राहिले आहे, आणि ते व्याकरणाच्या पुस्तकातून आलेले नाही. 'रापियो' म्हणजे 'मी हिसकावून घेतो'. (आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या 'रापण' ह्या जाळ्याशी ह्या शब्दाचे काही नाते नाही. तरीही ओढून घेण्याची क्रिया दोन्हीकडे आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) हे क्रियापद संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या २७ जानेवारी १५४५ रोजी कोचीनहून लिहिलेल्या एका पत्रात येते. पत्र लिस्बनला, त्यांचे जुने सोबती फादर सिमाव रोद्रिगिश ह्यांना आहे. फादर रोद्रिगिश त्या वेळी पोर्तुगालच्या दरबारात वजन असलेले येशूसंघीय होते.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले होते. म्हणजे पत्र लिहिताना त्यांना हिंदुस्थानात जेमतेम पावणेतीन वर्षे झाली होती. ह्या काळातला मोठा भाग त्यांनी दक्षिणेच्या मोती काढणाऱ्यांच्या किनाऱ्यावर, पारव कोळ्यांच्या वस्त्यांतून अनवाणी फिरत घालवला. तिथे त्यांना दोन प्रकारचे पोर्तुगीज भेटले. एक होते परमेश्वराला भिणारे. दुसरे राजाचे कागद खिशात बाळगून आलेले. तुतिकोरीन भागाचा कप्तान कोस्मे द पाइव्हा हा ह्या दुसऱ्या प्रकारचा मासला होता. नवख्रिस्ती कोळ्यांचे रक्षण करणे हे त्याचे काम, आणि त्यांनाच नाडणे हा त्याचा उद्योग. झेवियर आपल्या सहकाऱ्याला लिहीत असलेल्या त्या काळच्या चिठ्ठ्यांतून ह्या कप्तानाविषयीचा संताप जागोजागी दिसतो. मात्र १५४५ च्या एप्रिलमध्ये नागपट्टणहून लिहिलेल्या पत्रात तेच झेवियर त्या सहकाऱ्याला सांगतात की, त्या किनाऱ्यावर केलेल्या लुटीचे ओझे आपल्या विवेकावरून उतरवण्यास त्या कप्तानाला साह्य कर. चोराचा राग आणि चोराची काळजी एकाच मनात नांदू शकतात, हे मी ह्या चिठ्ठ्यांतून शिकलो.

कोचीनच्या पत्रातला मजकूर थोडक्यात असा आहे. तुमच्या मित्रांपैकी कोणालाही राजाच्या नोकरीवर, अधिकाराच्या जागेवर इकडे पाठवू नका. अशा माणसांची नावे जीवनाच्या पुस्तकातून पुसली जावीत असे जे स्तोत्रकर्त्याने म्हटले आहे, ते त्यांना लागू पडेल. माणूस कितीही सद्गुणी असो, इकडे आला की तो चालत्या रीतीप्रमाणेच चालणार. आणि ती रीत म्हणजे 'रापियो, रापिस' म्हणजे 'मी लुबाडतो, तू लुबाडतोस'. ह्या एका दरिद्री क्रियापदाला इकडे आलेली माणसे किती अर्थ, किती काळ आणि किती धातुसाधिते शोधून काढतात, ह्याचे झेवियर ह्यांना आश्चर्य वाटते. पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेल्या आणि शिकवलेल्या माणसाचा हा कडवट विनोद आहे. पण मला त्यातला विनोद महत्त्वाचा वाटत नाही. 'रीत' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. सद्गुणी माणूसही बिघडेल असे ते म्हणतात, म्हणजे दोष केवळ माणसांच्या निवडीत नव्हता. नोकरीची घडणच तशी होती.

ती घडण कशी होती हे समजून घेणे आपल्याला, विशेषतः वसईकरांना, कठीण जाऊ नये. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतला मुलूख पोर्तुगिजांना दिला, आणि पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, म्हणजे दोनशे चार वर्षे, तो त्यांच्याकडे राहिला. किल्ल्यावर कप्तान असे. त्याच्याबरोबर वखारीचा व जमाखर्चाचा प्रमुख 'फैतोर', न्यायदान करणारा 'ओव्हिदोर', लेखनिक आणि जकातीवरची माणसे असत. सर्वांच्या वर, गोव्यात, राज्याच्या तिजोरीची देखरेख करणारा 'व्हेदोर द फाझेंद' असे. कागदावर व्यवस्था चोख होती. प्रत्येकाचा पगार ठरलेला होता आणि तो नोंदवहीत लिहिलेला होता. सिमाव बोतेल्यु ह्या व्हेदोरने १५५४ मध्ये सिद्ध केलेल्या नोंदवहीत वसईच्या मुलखाचा वसूलही लिहिलेला आहे. आपले पूर्वज ज्या भातशेतीत राबले तिचे उत्पन्न त्या हिशोबात गेलेले आहे, हे ती नोंदवही चाळताना मनात आल्यावाचून राहत नाही. हाच बोतेल्यु राजाला पत्रांवर पत्रे लिहून कप्तानांच्या वागणुकीची गाऱ्हाणी करत होता.

कप्तानाची किंवा कारकुनाची जागा साधारणपणे तीन वर्षांसाठी मिळे. ती योग्यता पाहून मिळे असे नाही. पूर्वी केलेल्या सेवेचे बक्षीस म्हणून ती मिळे. लढाईत हात गमावलेल्या शिपायाला, दरबारी सरदाराच्या धाकट्या मुलाला, कोणाच्या विधवेला राजा एखादी जागा बहाल करी. पोर्तुगालहून राजाच्या आश्रयाने गोव्यात पाठवलेल्या अनाथ मुलींना तर सरकारी जागा हुंडा म्हणून दिली जाई. तिच्याशी जो लग्न करील तो त्या जागेवर बसेल. एका जागेसाठी अशी चार-चार, पाच-पाच बक्षीसपत्रे आधीच दिलेली असत, आणि आपली पाळी येईपर्यंत माणूस गोव्यात कर्ज काढून दिवस कंठी. शेवटी ती तीन वर्षे हाती लागत तेव्हा डोक्यावर सावकार, घरी मुली आणि मागे पुढचा उमेदवार उभा. नोंदवहीतल्या पगारात हे बसणे शक्य नव्हते, आणि राजालाही ते ठाऊक होते. पगार थोडा ठेवायचा आणि 'जागेचा लाभ' तुम्हीच घ्या असे न बोलता सुचवायचे, हा सौदा होता. पुढे, पोर्तुगालवर स्पेनच्या राजांचे राज्य असताना, १६१४ साली तिजोरीच्या ओढाताणीपायी किल्ल्यांवरच्या जागा व अधिकारपदे सरळ विकण्याचा हुकूमच निघाला. जे पूर्वी पडद्याआड चालले होते ते आता सरकारी दरपत्रकावर आले.

तीन वर्षे माणूस कशी काढी, ह्याचे वर्णन यान हायखेन व्हान लिन्स्खोतेन ह्या डच तरुणाने केले आहे. तो १५८३ साली नव्या आर्चबिशपांबरोबर, व्हिसेंत द फोन्सेक ह्यांच्या पदरी लेखनिक म्हणून गोव्यात आला होता. व्हाइसरॉयविषयी तो लिहितो ते असे: पहिले वर्ष घर सजवण्यात आणि इकडच्या चालीरीती समजून घेण्यात जाते, दुसरे पैसा गोळा करण्यात, आणि तिसरे आवराआवर करून नव्या माणसाच्या आत निसटण्याच्या तयारीत. वर्णन चोख आहे. मात्र इथे एक गोष्ट सांगितली नाही तर मी वाचकांना अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. दुसऱ्यांच्या लबाडीची इतकी नेमकी टिपणे घेणारा हा लेखनिक स्वतः काय करत होता? आर्चबिशपांच्या घरी राहून, त्या घरामुळे जी कागदपत्रे आणि जी माणसे त्याच्या आवाक्यात आली त्यांच्या आधारे तो पोर्तुगिजांच्या समुद्रमार्गांची गुप्त माहिती उतरवून घेत होता. मायदेशी परतल्यावर त्याने ती १५९५-९६ मध्ये छापून प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर डच जहाजे पूर्वेच्या समुद्रात दिसू लागली. डच इतिहासकार त्याला शूर आणि चतुर म्हणतात. मी एक धर्मगुरू आहे. ज्या घरातले मीठ खाल्ले त्या घराचा विश्वास मोडणे ह्याला माझ्याकडे दुसरा शब्द आहे. आणि हे घर कप्तानाचे नव्हते, आर्चबिशपांचे होते, ह्याची नोंद आपण घेतलेली बरी.

लबाडीचे प्रकार किती होते, हे जाणून घ्यायचे असेल तर दियोगु दु कोउतुकडे गेले पाहिजे. हा १५५९ साली शिपाई म्हणून इकडे आला आणि मधली थोडी वर्षे सोडता आयुष्यभर इथेच राहिला. पुढे गोव्यातील सरकारी दप्तरखान्याचा तो प्रमुख झाला आणि १६१६ साली गोव्यातच मरण पावला. त्याच्या 'सोल्दादु प्रातिकु' ह्या संवादरूप पुस्तकात एक अनुभवी शिपाई लिस्बनमध्ये एका माजी गव्हर्नरसमोर व एका दरबारी अधिकाऱ्यासमोर सगळे पोतडे उघडतो. हजेरीपटावर मेलेल्या शिपायांची नावे तशीच राहतात आणि त्यांचा पगार कप्तान उचलतो. जिवंत शिपायाला मात्र महिनोन्‌महिने पगार मिळत नाही. पोट जाळण्यासाठी तो आपल्या थकबाकीचा कागद कवडीमोलाने विकतो. विकत घेणारा कोण? तिजोरीतल्या माणसाचाच कोणी हस्तक. मग त्याच कागदावर तिजोरीतून पूर्ण रक्कम तत्परतेने निघते. ह्यात कोणी कोणाची पेटी फोडलेली नाही, एकाही कागदावर खोटी सही नाही. ज्याने पैसे द्यायचे त्याने फक्त उशीर केला. कोउतुचे हे पुस्तक त्याच्या हयातीत छापले गेले नाही. त्याच्या तरुणपणीचा पहिला खर्डा त्याच्या हातून निसटला, म्हातारपणी त्याने ते पुन्हा लिहिले, आणि लिस्बनच्या विद्वत्परिषदेने ते प्रसिद्ध केले तेव्हा १७९० साल उजाडले होते. तोवर वसई हातची जाऊन एक्कावन्न वर्षे झाली होती.

ह्यावर देखरेख नव्हती काय? होती. मुदत संपल्यावर प्रत्येक कप्तानाच्या कारभाराची चौकशी होई. तिला 'रेझिदेन्सिय' म्हणत. पण चौकशी करणारा न्यायाधीशही ह्याच व्यवस्थेतला, त्याचीही मुदत मोजकी, आणि साक्ष देणाऱ्याला उद्याही त्याच गावात राहायचे असे. सरकारी कचेरीतली खातेनिहाय चौकशी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ह्याहून अधिक सांगायला नको.

सगळेच तसे होते असे मात्र नाही. गव्हर्नर जुआंव द काश्त्रु हे नाव अपवाद म्हणून घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १५४६ साली दीवचा उद्ध्वस्त किल्ला पुन्हा बांधायला पैसा हवा होता. तारण ठेवायला सोने नव्हते, म्हणून ह्या गृहस्थाने आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे पाठवून वीस हजार पर्दाव कर्जाऊ मागितले. नगरसभेने पैसेही दिले आणि केसही परत पाठवले. १५४८ मध्ये फ्रान्सिस झेवियर त्यांना भेटायला आपल्या वसईत आले होते. त्याच वर्षी ६ जून रोजी गोव्यात काश्त्रु वारले, तेव्हा झेवियर त्यांच्या उशाशी होते. मरणापूर्वी त्यांनी नगरातील प्रमुखांना बोलावून शपथेवर सांगितले की, राजाच्या पैशाला आपण स्वतःसाठी हात लावलेला नाही आणि कोणाची भेटवस्तू स्वीकारलेली नाही. आजारपणात कोंबडी विकत घ्यायलाही पैसे उरलेले नाहीत, तेव्हा शेवटच्या दिवसांचा खर्च सरकारातून व्हावा अशी विनंतीही त्यांनी केली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला दाढीचे केस आवडत. आता मला ती विनंती अधिक हलवते. अधिकारपदावरच्या माणसाने चारचौघांत 'माझ्याजवळ नाही' असे म्हणणे सोपे नसते.

काश्त्रु गेल्यावर चार वर्षांनी 'रापियो'चा तडाखा खुद्द झेवियर ह्यांनाच बसला. चीनला जायचे त्यांनी ठरवले होते. दियोगु परैर नावाच्या व्यापारी मित्राने पदरमोड करून 'सांता क्रूझ' हे जहाज आणि चीनच्या बादशहासाठी नजराणा तयार केला होता. परैर राजदूत म्हणून जाणार होता आणि झेवियर त्याच्याबरोबर. १५५२ साली जहाज मलाक्काला पोहोचले, तेव्हा तिथला अधिकार अल्व्हारु द अताइद ह्याच्या हाती होता. हा वास्को द गामाचा मुलगा. चीनच्या व्यापारातला नफा एका साध्या व्यापाऱ्याच्या पदरात पडावा हे त्याला सहन होईना. त्याने जहाजाचे सुकाणूच काढून घेतले. विनवण्या झाल्या, व्हाइसरॉयचे आदेश दाखवून झाले. आपण पोपचे प्रतिनिधी आहोत हे झेवियर ह्यांनी कधी मिरवले नव्हते. ते अधिकारपत्रही अखेर पुढे करावे लागले आणि बहिष्काराचे शस्त्र उचलावे लागले. अताइदवर परिणाम शून्य. शेवटी जहाज गेले ते अताइदच्या माणसांच्या ताब्यात. परैर मलाक्कात अडकून पडला, राजदूत नाही म्हणून चीनचा दरवाजा बंद राहिला, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी सान्च्यान बेटावरच्या एका झोपडीत, चीनचा किनारा समोर असताना, झेवियर ह्यांनी प्राण सोडला. अताइदला पुढे पकडून गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठवण्यात आले. आपण गोव्याच्या रांगेत उभे राहतो तेव्हा ज्या देहापुढे नतमस्तक होतो, त्याच्या शेवटच्या प्रवासात एका सरकारी अधिकाऱ्याच्या हावेचा एवढा वाटा आहे.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता गौरवाचा होईल. झेवियर ह्यांचा न्यायाचा तराजू सर्वस्वी आपल्यासारखा नव्हता. १५४६ मध्ये त्यांनीच राजाकडे इन्क्विझिशनची मागणी केली. १५४८ च्या जानेवारीत राजाला लिहिताना, जो गव्हर्नर धर्मप्रसारात कसूर करील त्याला तुरुंगात टाकून त्याची मालमत्ता जप्त करण्याची शपथ राजाने घ्यावी, असे त्यांनी सुचवले. कप्तानाने कोळ्याला लुटले म्हणून जप्ती, असे त्या सूचनेत नाही. हे वाचताना मी अडखळतो. संतांनाही त्यांचा काळ असतो.

पण त्याच झेवियर ह्यांनी १५४९ च्या एप्रिल महिन्यात फादर गास्पार बार्झेउस ह्यांना होर्मुझला पाठवताना जी सूचनावली लिहून दिली, ती आज वाचली तरी अंगावर काटा येतो. होर्मुझ हे इराणी आखाताच्या तोंडाशी वसलेले श्रीमंत बंदर. पोर्तुगीज जकात, अरबी घोडे, मोती, सावकारी असे सर्व तिथे होते. झेवियर बार्झेउसना सांगतात की, नुसती पुस्तके वाचू नका, जिवंत पुस्तके वाचा, म्हणजे माणसे वाचा. त्या शहरात व्यवहार कसे होतात, करार कसे होतात, कोणत्या रीतीने फसवणूक होते, हे आधी जाणकारांकडून समजून घ्या. आणि मग प्रायश्चित्त संस्कारासाठी कप्तान, फैतोर, राजाचे नोकर येतील, तेव्हा 'दुसऱ्याचे काही तुमच्याकडे आहे का' असे मोघम विचारू नका. मोघम विचारले तर ते 'नाही' म्हणतील, आणि ते खोटेही बोलत नसतील. कारण जे सगळेच करतात ते त्यांना पाप वाटेनासे झालेले असते. म्हणून नेमके विचारा. तुम्ही तुमचे पद कसे चालवता? राजाच्या पैशाचा उपयोग कशासाठी करता? ज्यांचे देणे आहे त्यांना वेळेवर देता की अडकवून ठेवता? ह्या उत्तरांतून परत करण्याजोगे काय आहे ते आपोआप पुढे येते.

परत करण्याविषयीही त्यात स्पष्ट सांगितलेले आहे. ज्याचे घेतले तो माहीत असेल तर त्याला परत द्यायचे. तो सापडणे अशक्य असेल तर ते पैसे होर्मुझच्या मिझेरिकोर्दियकडे, म्हणजे गोरगरिबांची व रुग्णांची सेवा करणाऱ्या बंधुसंघाकडे जावेत. बार्झेउस ह्यांनी स्वतः त्या पैशाला हात लावायचा नाही. त्याने संशय वाढतो, आणि धर्मगुरूभोवती पैशासाठी येणाऱ्यांची गर्दी होते.

शंभर वर्षांनी हे क्रियापद पुन्हा एकदा गाजले. १६५५ साली लिस्बनच्या मिझेरिकोर्दियच्या देवळात, राजा चौथा जुआंव आणि त्याचे मंत्री, न्यायाधीश समोर बसलेले असताना, येशूसंघीय फादर आंतोनियु व्हिएर ह्यांनी 'चांगल्या चोरा'वर, म्हणजे प्रभूच्या उजवीकडच्या क्रूसावरील चोरावर, प्रवचन केले. झेवियर ह्यांनी कोणाचे नाव न घेता, कोणत्याही पदाचा उल्लेख न करता 'रापियो' लिहून पाठवले होते. व्हिएर ह्यांनी त्याचे पूर्ण रूप चालवून दाखवले. लॅटिनचे अर्थ आपल्या मराठी व्याकरणाहून अधिक, त्यामुळे जागा पुष्कळ. अधिकारी येताच माहीतगारांना विचारतो की वाटा दाखवा, तो झाला स्वार्थ. मग हुकूम सोडून घेतो, तो आज्ञार्थ. लोकांच्या चांगल्या वस्तूंची इतकी स्तुती करतो की मालकाला त्या भिडेखातर द्याव्याच लागतात. हा इच्छेचा अर्थ. आपले थोडे भांडवल श्रीमंताच्या मोठ्या भांडवलाशी जोडून नफ्यात निम्मा होतो, तो संयोगाचा. दुसऱ्याला चोरी करू देतो आणि त्या परवानगीचे पैसे घेतो. वर्तमानकाळ त्याच्या मुदतीपुरता असतो, म्हणून तो भूतकाळातली मिटलेली प्रकरणे उकरून काढतो आणि भविष्यकाळातला वसूल आजच गहाण टाकतो. प्रथमपुरुषी तो स्वतः, द्वितीयपुरुषी त्याचे नोकर, आणि तृतीयपुरुषी ज्याला ज्याला ही कला अवगत आहे तो. आणि मग व्हिएर राजाकडे वळले. चोर आहे हे ठाऊक असून जो नेमतो, ठेवतो, बढती देतो, तो चोरीतला भागीदार आहे आणि भरपाईचे ऋण त्याच्यावरही आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. असे प्रवचन राजासमोर करणे म्हणजे काय, हे समजायला आपल्या धर्मग्रामाच्या सभेत एखाद्या दानशूर गृहस्थासमोर एकदा तोंड उघडून पाहावे. मला ते जमलेले नाही.

त्याच प्रवचनात व्हिएर ह्यांनी जक्कय आणि क्रूसावरचा चोर ह्यांना शेजारी उभे केले आहे. चोराला प्रभूने तत्क्षणी सुखलोकाचे वचन दिले. जक्कयच्या घरी प्रभू स्वतः जेवायला गेले, तरी तारणाची घोषणा झाली ती त्याने चौपट परत देण्याचे जाहीर केल्यावर. का? चोराच्या हातांना खिळे ठोकलेले होते, परत द्यायला त्याच्यापाशी काहीही उरले नव्हते. जक्कयपाशी होते.

आता ते रांगेतले गृहस्थ. गोव्याहून परतल्यावर काही महिन्यांनी ते माझ्याकडे आले. प्रायश्चित्त संस्कारासाठी नव्हे, कचेरीत, खुर्चीवर बसून बोलायला. आणि नाव न घेता हे लिहिण्याची परवानगी त्यांनीच दिली आहे. ते कारखान्याच्या भांडारात होते. भंगार उचलायला गाडी यायची, त्यात तांबेही असायचे. वजनाच्या पावतीवर एक आकडा आणि गाडीत दुसरा. फरकाचे पैसे चौघांत वाटले जात. "फादर, मी ते सुरू केले नाही. मी लागलो तेव्हापासून ते होतेच. नाही म्हणणाऱ्याला तिथे टिकू देत नसत." मी ऐकत होतो, आणि झेवियर ह्यांचा 'रीत' हा शब्द माझ्या कानांत घुमत होता. मग ते म्हणाले, "आपल्या चॅपलचे छप्पर झाले तेव्हा मी पाकीट दिले होते. तुम्ही विचारले नाही. मला वाटले होते तुम्ही विचाराल."

मला ते पाकीट आठवले. जाडजूड होते. मी त्यांचे आभार मानले होते, वेदीवरून 'एका नाव न सांगणाऱ्या दात्या'चा उल्लेखही केला होता. होर्मुझची सूचनावली मी तेव्हाही वाचलेली होती.

कारखाना काही वर्षांपूर्वीच बंद पडला आहे. मालकांचा ठावठिकाणा आहे, पण कामगारांची देणी बुडवून ते गेले. तेव्हा परत द्यायचे कोणाला, असा त्यांचा प्रश्न होता. मी झेवियर ह्यांची सूचना त्यांना वाचून दाखवली: मालक माहीत असेल तर मालकाला. ते बराच वेळ गप्प राहिले. "मालक माहीत आहे," ते म्हणाले, "पण त्या मालकाकडे ज्यांचे पैसे अडकले तेही मला माहीत आहेत. दोघे आपल्याच गावचे." ह्यावर नीतिशास्त्राच्या पुस्तकात काय उत्तर आहे ते मी त्यांना सांगितले. ते उत्तर सरळ नाही, आणि मलाही ते पुरे वाटले नाही. त्यांनी आपल्या खिशातून वहीचा एक कागद काढला. त्यावर वर्षे लिहिलेली होती, प्रत्येक वर्षापुढे अंदाजाने आकडा, आणि शेवटी बेरीज. खाली एक वेगळी ओळ होती: चॅपलच्या छपराची रक्कम. तिच्यापुढे त्यांनी काही लिहिले नव्हते. ती जागा माझ्यासाठी ठेवली होती.